एका फाटकाआडच्या चार शाळा

दादर, माहीम, धारावी. मुंबई महापालिकेच्या जी-उत्तर विभागातली ही तीन नावं. जानेवारी उजाडला की तिन्ही ठिकाणी घराघरांत एकच विषय निघतो: मुलाला शाळेत कुठे घालायचं? प्रश्न जुना आहे आणि त्यावर मिळणारी उत्तरंही जुनीच आहेत. पालिकेच्या शाळेत काही शिकवत नाहीत. तिथे गेलं की इंग्रजी संपलं. सीबीएसईची पालिका शाळा आहे म्हणतात, पण तिथे फी असणारच. अमुक शाळेचा निकाल शंभर टक्के, डोळे मिटून घाला. ही वाक्यं चाळीच्या जिन्यात आणि भाजीच्या गाडीपाशी इतक्यांदा ऐकू येतात की पालक स्वतः शाळेच्या फाटकापर्यंत जातच नाहीत. नुकसान होतं ते मुलाचं. घरापासून चालत दहा मिनिटांवर एक बरी, मोफत शाळा असते आणि ती कोणी पाहिलेलीच नसते.

फाटकापासूनच सुरुवात करायला हवी, कारण पहिला गैरसमज तिथेच आहे. ‘ती पालिकेची शाळा’ असं ज्या इमारतीकडे बोट दाखवून म्हटलं जातं, ती बहुतेक वेळा एक शाळा नसते. मुंबईत पालिकेच्या एकेका इमारतीत दोन, तीन, कधी चार शाळा भरतात. फलकावर एकाखाली एक नावं असतात: मराठी शाळा क्रमांक १, हिंदी शाळा क्रमांक २, उर्दू शाळा, इंग्रजी शाळा. काही सकाळच्या अधिवेशनात, काही दुपारच्या. दुपारी सकाळची मुलं दप्तरं सावरत जिना उतरत असतात, तेव्हा दुपारची मुलं त्याच जिन्याच्या पायथ्याशी रांगेत उभी असतात. बाक तेच, फळा तोच. पण मुख्याध्यापक वेगळे, शिक्षक वेगळे, पटसंख्या वेगळी आणि शिकवण्याची तऱ्हाही वेगळी. पहिल्या मजल्यावरच्या शाळेत तिसरीची मुलं धडाधड वाचत असतील आणि दुसऱ्या मजल्यावरच्या शाळेत दोन वर्गांना मिळून एकच शिक्षक असेल. शेजारच्या काकूंचा अनुभव खरा असतो, पण तो यांतल्या एका शाळेचा असतो, बाकीच्या तिघींचा नव्हे.

सरकारच्या नोंदीतही या शाळा वेगवेगळ्याच आहेत. देशातल्या प्रत्येक शाळेला अकरा अंकी यू-डायस क्रमांक असतो. महाराष्ट्रातल्या शाळांचा क्रमांक २७ ने सुरू होतो. केंद्राच्या यू-डायस प्लस संकेतस्थळावर हा क्रमांक किंवा शाळेचं नाव टाकलं की ती शाळा कितवीपर्यंत आहे, माध्यम कोणतं, कोणत्या वर्गात किती मुलं, शिक्षक किती, वर्गखोल्या, स्वच्छतागृहं, ग्रंथालय आहे का, हे सगळं घरबसल्या दिसतं. ही माहिती शाळेनेच भरलेली असते, हे मात्र विसरायचं नाही. कागदावर सहा स्वच्छतागृहं असली तरी त्यांतली किती उघडी आहेत आणि पाणी किती नळांना येतं, हे पाहायला पायच लागतात.

पालिकेची शाळा म्हणजे मराठी माध्यम, हा समज तर दादरच्याही पुढे कधीच न गेलेल्यांचा. मुंबई महापालिका मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी अशा आठ माध्यमांत शाळा चालवते. तिरुनेलवेलीहून आलेल्या कुटुंबांची तिसरी-चौथी पिढी जिथे राहते त्या धारावीत तमिळ माध्यमाची पालिका शाळा असणं ही सवलत म्हणून पाहण्याची गोष्ट नाही. घरात जी भाषा बोलली जाते तिच्यात सहा वर्षांचं मूल पहिली अक्षरं शिकतं, एवढा साधा आणि भक्कम विचार त्यामागे आहे.

मराठी शाळेत घातलं की इंग्रजी संपलं, हा त्याचाच जोडसमज. महाराष्ट्रात २००० सालापासून सर्व माध्यमांच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी हा विषय आहे. शिवाय पालिकेच्या अनेक मराठी शाळांत सेमी-इंग्रजीचे वर्ग आहेत, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकीचे विषय मराठीतून. इंग्रजी कसं शिकवलं जातं हा प्रश्न शाळागणिक विचारावाच लागेल. पण ‘तिथे इंग्रजी नसतंच’ हे वाक्य गेली पंचवीस वर्षं खोटं आहे.

सध्या सगळ्यांत जास्त गोंधळ आहे तो मंडळांचा, म्हणजे बोर्डांचा. २०२० मध्ये पालिकेने आपल्या शाळांना ‘मुंबई पब्लिक स्कूल’ हे नाव द्यायचं ठरवलं आणि त्याच वर्षी दोन वेगळे प्रयोग सुरू केले. जोगेश्वरीच्या पूनमनगरमध्ये सीबीएसईची शाळा आणि माहीमच्या वूलन मिलमध्ये आयसीएसईची. पुढच्या वर्षी सीबीएसईच्या आणखी शाळा निघाल्या, त्यांत दादरची भवानी शंकर रोडची शाळा होती. मग माटुंग्याच्या एल. के. वाघजी शाळेत केंब्रिजचा आयजीसीएसई अभ्यासक्रम आणि विलेपार्ल्यात आयबी. आता वूलन मिल, भवानी शंकर रोड आणि वाघजी ही तीन ठिकाणं नकाशावर पाहिली तर कळतं की दादर-माहीम-माटुंगा या छोट्याशा पट्ट्यात एकच महापालिका राज्य मंडळ, सीबीएसई, आयसीएसई आणि केंब्रिज असे चार अभ्यासक्रम मोफत शिकवते. खासगी शाळांत यांतल्या काही अभ्यासक्रमांसाठी लाखांत फी मोजावी लागते.

तरीही दोन चुकीच्या समजुती चिकटून आहेत. एक, तिथे फी असणार. नाही. शाळेच्या नावात ‘पब्लिक स्कूल’ असलं तरी ती पालिकेचीच शाळा आहे आणि फी शून्य. दुसरी, तिथे ओळखीशिवाय प्रवेश होत नाही. जागांपेक्षा अर्ज जास्त आल्याने सीबीएसईच्या शाळांसाठी पालिकेने ऑनलाइन अर्ज मागवून सोडत काढली. अर्ज वेळेत भरला नाही म्हणून जागा गेलेले पालक पुष्कळ आहेत आणि गेलेल्या जागेचा दोष ते नसलेल्या वशिल्याला देतात.

बोर्ड मोठं म्हणजे शाळा मोठी, हा समज याहून खोलवर रुजलेला आहे आणि इथे थोडं थांबायला हवं. बोर्ड ठरवतं अभ्यासक्रम आणि शेवटची परीक्षा. दुसरीतल्या मुलाला वजाबाकी हातचा घेऊन कळली की नाही, हे ठरतं वर्गातल्या बाईंवर आणि त्या बाईंच्या वर्गात किती मुलं आहेत त्यावर. घरात इंग्रजी बोलणारं कोणीच नाही, आईवडील दोघंही कामावर, आणि मूल आयसीएसईच्या दुसरीत इंग्रजीतून परिसर अभ्यास शिकतंय, अशा वेळी त्या मुलाला वर्गाबाहेर कोण आधार देणार, हा प्रश्न प्रवेशाच्या आनंदात राहून जातो. काही मुलं हा ताण सहज पेलतात. ज्यांना पेलत नाही त्यांची गाडी चौथी-पाचवीत अडते, आणि तोवर शेजारच्या मराठी किंवा हिंदी शाळेत परत यायला पालकांना कमीपणा वाटू लागतो.

दहावीच्या निकालाची टक्केवारी हा तुलनेचा सर्वांत आवडता मापदंड. तो किती हलका आहे हे राज्य मंडळाच्याच आकड्यांवरून दिसतं. २०१८ मध्ये राज्याचा दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता. २०१९ मध्ये तो एकदम ७७.१० टक्क्यांवर घसरला. २०२० मध्ये ९५.३० टक्क्यांवर गेला. दोन वर्षांत महाराष्ट्रातली मुलं आधी मठ्ठ आणि मग हुशार झाली होती का? २०१९ ला नवा अभ्यासक्रम होता आणि भाषा व समाजशास्त्र या विषयांचे शाळेच्या हातातले अंतर्गत गुण बंद केले होते. पुढच्या वर्षी ते गुण परत आले, शिवाय टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपर रद्द झाला. २०२१ ला तर लेखी परीक्षाच झाली नाही आणि निकाल लागला ९९.९५ टक्के. मुंबईतल्या पालिका शाळांचं हेलकावणं याहून मोठं होतं: २०१९ ला निम्म्याच्या जरा वर, २०२० ला नव्वदीच्या पुढे. शिक्षक तेच, वर्ग तेच, नियम बदलला. म्हणून ‘त्या शाळेचा निकाल गेल्या वर्षी पडला’ असं कोणी सांगितलं की पहिला प्रश्न, कोणत्या वर्षी?

दुसरा प्रश्न, बसले किती? अठरा मुलांच्या वर्गात एक मूल नापास झालं की टक्केवारी साडेपाचने खाली येते. दीडशे मुलांच्या शाळेशी तिची तुलना करण्यात अर्थ नाही.

तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आणि तो फारच थोडे पालक विचारतात. नववीच्या पटावर किती मुलं होती आणि त्यांतली किती दहावीला शाळेतर्फे बसली? निकालाला धक्का लागू नये म्हणून कच्च्या मुलांना नववीतच थांबवायचं किंवा बाहेरून परीक्षेला बसण्यासाठीचा १७ नंबरचा फॉर्म भरायला लावायचं, ही रीत काही शाळांत वर्षानुवर्षं चालत आली आहे. नववीत साठ आणि दहावीत बेचाळीस असतील तर शंभर टक्क्यांच्या फलकामागे अठरा मुलं गायब आहेत. ज्या शाळेने साठच्या साठ मुलांना परीक्षेला बसवलं आणि पंचावन्न पास केली, तिचा फलक ब्याण्णव टक्क्यांपाशी थांबेल. मुलासाठी शाळा निवडायची तर या दोघींत दुसरी अधिक भरवशाची, कारण आपलं मूल कच्चं निघालं तर तीच त्याला सोडून देणार नाही.

याच्याच जोडीला ‘असर’ या शैक्षणिक पाहणीच्या अहवालाची गोष्ट. दरवेळी तो आला की बातमी येते की पाचवीच्या निम्म्या मुलांना दुसरीचा धडा वाचता येत नाही, आणि शहरातले पालक मान हलवून म्हणतात, बघा, पालिका शाळा. असरची नेहमीची पाहणी ग्रामीण भागात होते आणि ती घरोघरी जाऊन होते, शाळेत नव्हे. खासगी शाळेत जाणारी मुलंही तिच्यात असतात. माहीमच्या एखाद्या पालिका शाळेबद्दल ती अवाक्षरही सांगत नाही. सरकारची राष्ट्रीय संपादणूक पाहणीही नमुना घेऊन जिल्ह्याचं चित्र देते, एकेका शाळेचं प्रगतिपुस्तक तिच्यात नसतं. मात्र असरची पद्धत पालकांनी उचलण्यासारखी आहे. ही पाहणी सुरू करणाऱ्या ‘प्रथम’ संस्थेचं काम मुंबईच्या वस्त्यांतूनच उभं राहिलं. मुलासमोर आधी अक्षरं, मग शब्द, मग छोटा उतारा, मग गोष्ट ठेवायची, इतकी सोपी ती कसोटी. शाळा पाहायला गेल्यावर मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन तिसरीच्या वर्गात दहा मिनिटं बसावं. बाई एका पुढच्या बाकावरच्या मुलीला उठवून धडा वाचायला लावतील, ती खणखणीत वाचेल. लक्ष ठेवायचं मागच्या बाकांवर. तिथली बोटं ओळीबरोबर सरकतायत की नाही, यावरून त्या वर्गाचं बरंच काही कळतं.

शिक्षकांबद्दलचा समज उलटाच आहे. पालिका शाळेतले शिक्षक शिकलेले नसतात, खासगीतले चांगले, असं सर्रास म्हटलं जातं. शिक्षणहक्क कायद्याने शिक्षकाची किमान पात्रता ठरवून दिली आहे. पालिका शाळेतल्या भरतीला पदविका किंवा पदवी, शिक्षक पात्रता परीक्षा आणि त्यावर अभियोग्यता चाचणी, असे टप्पे पार करावे लागतात. पगार सरकारी श्रेणीने. स्वस्तातल्या खासगी इंग्रजी शाळेत शिक्षिकेला किती पगार मिळतो आणि ती तिथे किती वर्षं टिकते, हे गल्लीतल्या कोणालाही विचारावं. पालिका शाळांची खरी दुखणी वेगळी आहेत: वर्षानुवर्षं न भरलेली पदं आणि वर्गातून उचलून निवडणुकीच्या, मतदारयाद्यांच्या कामाला लावलेले शिक्षक. ‘शिक्षक चांगले आहेत का’ असं मोघम विचारण्यापेक्षा ‘माझ्या मुलीच्या वर्गाला स्वतःचा शिक्षक आहे का, आणि तो जूनपासून आहे का’ हे विचारलेलं बरं.

इथे एक आकडा फसवतो. कायद्यानुसार पहिली ते पाचवीसाठी तीस मुलांमागे एक शिक्षक आणि सहावी ते आठवीसाठी पस्तिसांमागे एक. समजा दादरमधल्या एखाद्या मराठी शाळेचा पट घसरत पाचवीपर्यंत मिळून ५६ वर आला. साठपर्यंतच्या पटाला दोन शिक्षक पुरेसे, असं कायद्याचं कोष्टक सांगतं. म्हणजे शिक्षकामागे २८ मुलं. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात दोन शिक्षकांकडे पाच इयत्ता, एका खोलीत पहिली-दुसरी, दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथी-पाचवी. शेजारच्या हिंदी शाळेत प्रत्येक इयत्तेला वेगळे शिक्षक आणि वर्गात चाळीस मुलं, तिचं प्रमाण कागदावर वाईट दिसेल. यांतली कोणती बरी हे सरळ सांगता येत नाही. हातखंडा असलेला शिक्षक दोन इयत्ता एकत्र सुंदर शिकवतो. पण नुसतं प्रमाण पाहून निर्णय घेतला तर हा फरक दिसतच नाही.

मोफत म्हणजे काय, तेही नेमकं कळायला हवं. फी नाही, एवढंच नव्हे. गणवेश, बूट, दप्तर, वह्या, छत्री-रेनकोट अशा २७ वस्तू पालिका देते, पाठ्यपुस्तकं मिळतात, आठवीपर्यंत दुपारचं जेवण मिळतं. वस्तू कधीकधी उशिरा येतात, पावसाळा निम्मा सरल्यावर रेनकोट हातात पडतो, आणि त्याबद्दल पालकांनी आवाज उठवणं योग्यच आहे.

शाळा कितवीपर्यंत आहे, हा प्रश्न पहिलीच्या प्रवेशावेळी कोणाला सुचत नाही. पालिकेच्या अनेक शाळा सातवी-आठवीला संपतात. मग दाखला घेऊन नवी शाळा, नवे शिक्षक, कदाचित नवं माध्यम आणि दोन सिग्नल ओलांडून जाणं. मुलांच्या शाळागळतीचा धोका इथे असतो आणि मुलींच्या बाबतीत तो जास्त, कारण धाकट्या भावंडाला सोबत घेऊन जाण्याची सोय संपते, घरचे म्हणतात आता पुरे. तमिळ, तेलुगू, कन्नड, गुजराती माध्यमांतल्या पालिकेच्या माध्यमिक शाळा तर मोजक्याच आहेत. पहिलीचा अर्ज भरतानाच नववीची वाट पाहून ठेवणं गरजेचं आहे. नव्या बोर्डांच्या शाळाही वर्षाला एक इयत्ता वाढवत चढतात, तेव्हा आपलं मूल पोहोचेल तेव्हा पुढचा वर्ग सुरू झालेला असेल का, हे विचारायला लाजू नये.

शिक्षणहक्क कायदा म्हणजे खासगी शाळेतल्या पंचवीस टक्के राखीव जागा, ही समजूतही दूर व्हायला हवी. तो कायद्याचा एक भाग. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलला की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या जागा देण्याचं बंधन नाही. दादर-माहीमसारख्या भागात यामुळे जवळजवळ सगळ्याच खासगी शाळा सुटल्या असत्या. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात त्याला स्थगिती दिली आणि जुलैमध्ये तो रद्द केला. जवळ पालिका शाळा आहे म्हणून तुम्हाला अर्जच करता येणार नाही, असं अजूनही सांगणारे आहेत. ते चुकीचं आहे. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने या कायद्यातून वगळलं आहे, त्यामुळे माहीमच्या काही नामांकित शाळा या यादीत दिसत नाहीत.

कायद्याचा मोठा भाग तर पालिका शाळेच्या फाटकाशीच कामाला येतो. जन्माचा दाखला नाही म्हणून पहिली ते आठवीचा प्रवेश नाकारता येत नाही. वर्ष मध्यावर आलं म्हणूनही नाही. आधीच्या शाळेने शाळा सोडल्याचा दाखला अडवला तरी नव्या सरकारी वा अनुदानित शाळेने मुलाला थांबवून ठेवायचं नाही. दिवाळीनंतर गावाहून आलेल्या कुटुंबाला ‘आता जूनमध्ये या’ असं कोणी म्हणालं, तर ते बेकायदा आहे.

आणि प्रवेश झाला की पालकांचं काम संपलं, असंही नाही. प्रत्येक पालिका शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असणं बंधनकारक आहे. शाळेचा विकास आराखडा ही समिती तयार करते, पैशाचा विनियोग पाहते. बऱ्याच ठिकाणी ती सह्यांपुरती उरली आहे, कारण आपण सदस्य आहोत हेच कित्येक आयांना माहीत नसतं. मंजूर पदांपैकी दहा टक्क्यांहून जास्त जागा रिकाम्या ठेवायच्या नाहीत, असं कायदा सांगतो. वर्गाला शिक्षक नसेल तर समितीने पट आणि रिक्त पदाची तारीख लिहून पालिकेकडे लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. अशा तक्रारीवर तीन महिन्यांत निर्णय देणं पालिकेवर बंधनकारक आहे, आणि निर्णय पटला नाही तर राज्याच्या बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं.